सहा ओळी, घटना एकच: स्ट्रक्चरल व्हेरियंटचं आउटपुट वाचताना

परळमधल्या एका जेनेटिक्स लॅबमध्ये मी बायोइन्फॉर्मॅटिक्सचं काम बघते. पेशंटचा होल जीनोम सीक्वेन्स होऊन आला की त्यातून कामाचं काय निघतंय ते शोधायचं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, थोडक्यात असं काम. एखाद्या बेसचा, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराचा, बदल वाचणं ही आता बऱ्यापैकी मळलेली वाट आहे, नवीन आलेली मुलंही पटकन शिकतात. पण स्ट्रक्चरल व्हेरियंट, म्हणजे डीएनएच्या मोठ्या तुकड्यांमधले बदल, आम्ही सगळे नुसतं एसव्ही म्हणतो, आणि त्यातही एकाच ठिकाणी डुप्लिकेशन (तुकडा जास्त), डिलीशन (तुकडा गायब), इन्व्हर्जन (तुकडा उलटा) असं सगळं एकमेकांत गुंतलेलं असलं की तिथे भलेभले अडतात. मध्यंतरी अशी एक केस आम्ही अगदी शेवटपर्यंत लावली. ती लावताना जे जे समजत गेलं ते सविस्तर लिहितेय, कारण मुंबई-पुण्यात या कामात आता मराठी मुलंमुली बरीच आहेत आणि मराठीत यावर वाचायला फारसं मिळत नाही.

केस एका लहान मुलीची. वाढ मागे, बोलायला उशीर, अधूनमधून फिट्स. कॅरिओटाइप, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघितलेले क्रोमोसोम, नॉर्मल, पण त्यात साधारण ५० लाख ते १ कोटी बेसपेक्षा छोटा बदल दिसतच नाही. मग मायक्रोअरे (डीएनएचे तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघतो), तोही नॉर्मल. मग एक्झोम (यात फक्त एक्झॉन, म्हणजे जीनमधले प्रत्यक्ष कामाचे तुकडे, वाचतात), त्यातही काही नाही. आईवडील एवढे रिपोर्ट प्लास्टिकच्या फायलीत तारखेप्रमाणे लावून घेऊन फिरत होते आणि प्रत्येकावर शेवटी नॉर्मल लिहिलेलं. शेवटी डॉक्टरांनी होल जीनोम सांगितला आणि सॅम्पल आमच्याकडे आलं. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून जीनचं नाव देत नाही आणि कोऑर्डिनेटही बदललेत, आकड्यांचं आपसातलं नातं मात्र जसं होतं तसंच ठेवलंय, कारण सगळी गोष्टच त्या नात्यात आहे.

आधी सॉफ्टवेअरला नक्की काय दिसतं ते सांगते. आमच्याकडे १५० बेसच्या रीड्स (मशीन एका दमात वाचतं ते तुकडे), चार-पाचशे बेसच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून एकेक, सरासरी ३० एक्स डेप्थ (प्रत्येक जागा साधारण तीस वेळा वाचलेली), आणि हे सगळं जीआरसीएच३८ या संदर्भ जीनोमवर बसवलेलं. आता समजा जोडीतल्या दोन रीड्स एकमेकींपासून पाचशेऐवजी तीन लाख बेस लांब बसल्या, किंवा समोरासमोर बघायच्या ऐवजी दोघी एकाच दिशेला तोंड करून बसल्या, किंवा एकाच रीडचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे बसला, तर मँटा, डेली, ग्रिड्स वगैरे टूल्स म्हणतात की या पेशंटच्या डीएनएमध्ये ही जागा त्या जागेला जोडलेली आहे. बस, एवढंच. त्यांच्या हातात असतं एक जंक्शन आणि त्या जंक्शनची दिशा. डीईएल (डिलीशन), डीयूपी (डुप्लिकेशन), आयएनव्ही (इन्व्हर्जन) ही नावं त्या दिशेवरून काढलेला अंदाज असतो. जंक्शन एकटंच असेल तर अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. एकाच भागात दोन-तीन जंक्शन असतील तर नाव बाजूला ठेवून आधी सगळी जंक्शनं गोळा करायची, त्यावरून क्रोमोसोम पुन्हा बांधायचा आणि नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. मला या सगळ्यात सांगायचंय ते हेच.

दिशा चार प्रकारच्या असतात. प्लस-मायनस म्हणजे वाचत वाचत पुढे आलो आणि पुढच्याच एका जागी उडी मारून तसंच पुढे वाचत राहिलो, हे डिलीशनसारखं दिसतं. मायनस-प्लस म्हणजे पुढे जाऊन पुन्हा मागच्या जागेवर आलो आणि तिथून परत पुढे, हे टॅन्डम, म्हणजे लागोपाठ झालेल्या, डुप्लिकेशनसारखं. प्लस-प्लस म्हणजे सरळ वाचत एका जागेपर्यंत आलो, दुसरीकडे उडी मारली आणि तिथून उलटं वाचायला लागलो. मायनस-मायनस म्हणजे उलटं वाचत एका जागेपर्यंत आलो आणि उडी मारून पुन्हा सरळ झालो. साध्या इन्व्हर्जनला हे शेवटचे दोन्ही लागतात, एक आत शिरायला आणि एक बाहेर पडायला. हीच माहिती मँटा चौकोनी कंसांच्या दिशेतून देतं, कंस डावीकडे उघडा की उजवीकडे आणि अक्षर कंसाच्या आधी की नंतर, आणि डेली तीच ३-टू-३, ५-टू-५ असं लिहून देतं. मी एका कागदावर चारही दिशा सगळ्या टूल्सच्या भाषेत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या आहेत आणि आजही त्याच्याकडे बघितल्याशिवाय एकही बीएनडी (ब्रेकएंड, म्हणजे जंक्शनचं एक टोक सांगणारी) ओळ वाचत नाही.

आता पेशंटच्या फाइलकडे येऊ. एका माणसाच्या फाइलमध्ये एसव्हीच्या हजारो ओळी असतात आणि ते नॉर्मल आहे, नोमॅड या हजारो लोकांच्या जीनोमच्या डेटाबेसच्या पहिल्या एसव्ही सेटमध्ये १४,८९१ जीनोम होते आणि तिथे माणशी सरासरी ७,४३९ एसव्ही निघाले होते. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, आपण सगळेच घेऊन फिरतो. म्हणून पहिली चाळणी वारंवारतेची. इथे आपल्याकडच्या लोकांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला पाहिजे, त्या पहिल्या सेटमध्ये दक्षिण आशियाई असा वेगळा गटच नव्हता. नंतरच्या चौथ्या आवृत्तीत ६३,०४६ जीनोम आहेत आणि त्यात आपला गट आला. त्यामुळे जुना डेटाबेस लावून एखादा एसव्ही सापडला नाही तर तो दुर्मिळ आहे असं लगेच म्हणता येत नाही, तो आपल्याकडे अगदी सर्रास असू शकतो. आम्ही लॅबमधल्याच जुन्या सॅम्पल्सचा एक साठा ठेवलाय आणि माझ्या अनुभवात त्या घरच्या साठ्याइतका कचरा दुसरं काहीच काढत नाही, कारण त्याच मशीनच्या, त्याच पद्धतीच्या चुका त्यात आधीच जमा असतात.

चाळणीतून जे उरलं त्यात एका क्रोमोसोमवर एकमेकींच्या जवळ अशा सहा ओळी होत्या. चार मँटाच्या, बीएनडी लिहिलेल्या, म्हणजे प्रत्यक्षात दोनच जंक्शन कारण प्रत्येकाची दोन टोकं वेगळ्या ओळीत येतात आणि मेटआयडीने एकमेकांना बांधलेली असतात. आणि दोन ओळी डेप्थ मोजणाऱ्या टूलच्या, दोन्हींवर डीयूपी. मँटाच्या नवीन आवृत्त्या इन्व्हर्जनसुद्धा बीएनडी म्हणूनच देतात आणि सोबत त्याचं परत आयएनव्ही करून देणारी एक छोटी स्क्रिप्ट मिळते, आमची पाइपलाइन ती आपोआप चालवते. त्यामुळे अॅनोटेशन होऊन माझ्यासमोर जे टेबल आलं त्यात चित्र असं होतं: एक इन्व्हर्जन ३,१७,००० बेसचं, दुसरं ३,१०,००० बेसचं, दोन्ही जवळपास एकावर एक. शिवाय १८,००० बेसचं एक डुप्लिकेशन, जिथे कुठला जीन नाही. आणि २५,००० बेसचं दुसरं, जे एका जीनच्या पोटात, चार एक्झॉन डबल दाखवणारं. पाइपलाइनने प्रत्येक ओळीला स्वतंत्र वर्गवारी दिलेली, चारही ठिकाणी अर्थ अनिश्चित. ओळ ओळ वाचली तर त्यात तिचंही काही चुकलं नव्हतं.

पण तो जीन बघून मी थांबले. त्याची एक कॉपी निकामी झाली की आजार होतो हे पक्कं माहीत आहे, क्लिनजेन या जीन आणि आजारांच्या नात्याचे पुरावे तपासणाऱ्या गटाच्या डोसेज यादीत हॅप्लोइन्सफिशियन्सीला (एकच कॉपी पुरत नाही याला) ३ गुण, म्हणजे पुरेसा पुरावा. आणि त्या आजाराची लक्षणं मुलीशी जुळत होती. फक्त टेबल म्हणत होतं की जीनचा काही भाग जास्त आहे. कमी झालाय असं कुठलीच ओळ म्हणत नव्हती.

मग आयजीव्ही, म्हणजे रीड्स प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचं सॉफ्टवेअर, उघडलं. कुठल्याही एसव्हीबद्दल मत देण्याआधी मी ते उघडतेच, कितीही घाई असली तरी. डाव्या टोकाला गेले तर १,००,००० वर डेप्थचा डोंगर एकदम चढलेला, तीसवरून पंचेचाळीसपर्यंत, आणि १,१८,००० वर तितकाच सरळ उतरलेला. पंचेचाळीस म्हणजे दोनच्या जागी तीन कॉपी. चढाच्या कडेवर काही रीड्सची टोकं रंगीत ठिपक्यांसारखी, म्हणजे त्यांचा तेवढा भाग तिथे बसतच नव्हता, आणि सगळ्या अगदी एकाच कॉलमवर कापलेल्या. उताराच्या कडेवरही तसंच. जोड्यांना दिशेप्रमाणे रंग दिला तर एका कडेवर गडद निळ्या आणि दुसऱ्या कडेवर टील रंगाच्या रीड्स, म्हणजे दोन्ही इन्व्हर्जनच्या दिशा पण एकेका कडेला एकेकच. उजव्या टोकाला ४,१०,००० ते ४,३५,००० मध्ये हुबेहूब तोच प्रकार. मधल्या भागात डेप्थ शांतपणे तीसवर.

म्हणजे चार कडा, दोन जंक्शन, आणि डेप्थच्या पायऱ्या बरोबर त्याच चार कडांवर. दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेले आकडे काही बेसच्या फरकाने जुळतात तेव्हा त्यांना चार वेगळ्या घटना समजण्यात अर्थच नसतो. पण एकत्र म्हणजे कशा, ते डोळ्यासमोर येईना.

आमच्याकडे सायटोजेनेटिक्सच्या एक मॅडम आहेत, आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम बघितलेल्या. त्या संध्याकाळी धो धो पाऊस, हिंदमाताला पाणी भरलेलं, टॅक्सी मिळेना, म्हणून त्या लॅबमध्येच बसून होत्या. मी स्क्रीन दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, हे सगळं बंद कर आधी. कागद आण आणि कात्री आण." जुन्या कॅरिओटाइपच्या प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर आम्ही एक लांब पट्टी आखली, तिचे पाच भाग केले, अ ब क ड इ. ब म्हणजे डावीकडचं अठरा हजारांचं डुप्लिकेशन, ड म्हणजे उजवीकडचं पंचवीस हजारांचं, क म्हणजे मधला तीन लाखांच्या आसपासचा भाग. प्रत्येक तुकड्यावर बाण. ब आणि डच्या दोन-दोन प्रती कापल्या, कारण डेप्थ तसं सांगतेय. मग मॅडम म्हणाल्या, "आता तुझं सॉफ्टवेअर काय जोड सांगतंय ते वाच, मी लावते."

पहिलं जंक्शन प्लस-प्लस, १,१८,००० ते ४,३५,०००. म्हणजे अ, मग ब, बच्या उजव्या टोकाला आलो, तिथून उडी डच्या उजव्या टोकाला आणि पुढे सगळं उलटं: उलटा ड, उलटा क, उलटा ब. आता बच्या डाव्या टोकाला म्हणजे १,००,००० वर पोचलो. दुसरं जंक्शन मायनस-मायनस, १,००,००० ते ४,१०,०००. तिथून उडी डच्या डाव्या टोकाला आणि पुन्हा सरळ: ड, इ. टेबलावर पट्टी तयार झाली: अ, ब, उलटा ड, उलटा क, उलटा ब, ड, इ. हातात एकही तुकडा शिल्लक राहिला नाही आणि एकही कमी पडला नाही. बच्या दोन कॉपी, डच्या दोन, क एकच पण उलटा. डेप्थशी तंतोतंत. त्या क्षणी आम्ही दोघी किती खुश झालो ते मला लिहून सांगता येणार नाही.

याला डुप-इन्व्ह-डुप म्हणतात, दोन्ही बाजूंना डुप्लिकेशन असलेलं इन्व्हर्जन. आणि पट्टी हलवता हलवता एक नियम हाताला लागला जो आता मी प्रत्येक इन्व्हर्जनला लावते. दोन्ही जंक्शनची डावी टोकं शेजारी लिहायची. प्लस-प्लसचं टोक जर मायनस-मायनसच्या टोकाच्या उजवीकडे असेल तर मधला भाग दोनदा वाचला जातोय, म्हणजे डुप्लिकेशन. डावीकडे असेल तर मधला भाग कुणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणजे डिलीशन. दोन्ही काही बेसच्या आत असतील तर ते साधं इन्व्हर्जन. मग हेच उजव्या टोकांना करायचं. एकीकडे डुप्लिकेशन आणि दुसरीकडे डिलीशन असंही निघतं, तोही प्रकार ओळखीचा आहे. आमच्या केसमध्ये डावीकडे प्लस-प्लस १,१८,०००, मायनस-मायनस १,००,०००, उजवीकडे ४,३५,००० आणि ४,१०,०००, दोन्हीकडे डुप्लिकेशन. डेप्थ न बघता नुसत्या चार आकड्यांवरून हे सांगता येतं आणि मग डेप्थ बघून खातरी करता येते, हे मला फार सुंदर वाटतं.

अजून एक पुरावा त्याच फाइलमध्ये होता आणि तो मला सगळ्यात जास्त आवडला. साध्या हेटरोझायगस, म्हणजे जोडीतल्या एकाच क्रोमोसोमवरच्या, इन्व्हर्जनमध्ये ब्रेकपॉइंटवर (तुटलेल्या जागी) मूळ जोड आणि नवा जोड साधारण निम्मे-निम्मे असायला हवेत, एक क्रोमोसोम जुना, एक बदललेला. इथे स्प्लिट रीड्सचा आकडा होता मूळच्या बाजूने २९ आणि नव्याच्या बाजूने १३, म्हणजे साधारण एक तृतीयांश. आधी वाटलं सिग्नल जरा कमजोर आहे. पण पट्टीकडे बघा, ब आणि क यांचा मूळ जोड बदललेल्या क्रोमोसोममध्येही टिकून आहे, फक्त उलटा झालाय. म्हणजे मूळ जोडाच्या दोन कॉपी, नव्याची एक. एक तृतीयांशच यायला पाहिजे! असा आकडा आला की घाईने कमी दर्जाचा किंवा मोझेक (फक्त काही पेशींतला बदल) म्हणून सोडून देऊ नका, आधी रचना मांडून बघा की अपेक्षा किती होती.

आता जीन. तो कच्या शेवटाकडून, ३,८०,००० पासून सुरू होतो, सबंध ड ओलांडतो आणि इमध्ये जाऊन संपतो. पट्टीवर बोट ठेवून वाचलं की लक्षात येतं, जीनची सुरुवात आणि डमधले चार एक्झॉन उलट्या भागात एकत्र आहेत, पण त्यांच्या पुढे लगेच जंक्शन येतं आणि बचा निर्जन भाग सुरू होतो. दुसरीकडे डची दुसरी प्रत आणि इमधला शेवट आहे, पण त्याच्या आधी जीनची सुरुवात नाही, प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा भाग, नाही. म्हणजे या क्रोमोसोमवर सबंध जीन कुठेच नाही. सगळे एक्झॉन हजर, उलट चार एक्झॉन जास्तीचे, आणि जीन तुटलेला. म्हणून मायक्रोअरे नॉर्मल, कारण त्यात डुप्लिकेशन रिपोर्ट करायची मर्यादा आमच्याकडे काही शे किलोबेसची. म्हणून एक्झोम नॉर्मल, कारण ब्रेकपॉइंट इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे दोन एक्झॉनच्या मधल्या भागात. एमएलपीए (एक्झॉनच्या कॉपी मोजणारी टेस्ट) केली असती तरी चार एक्झॉन जास्त एवढंच कळलं असतं. तोच भाग टॅन्डम डुप्लिकेट झाला असता तर अर्थ वेगळा निघाला असता, आणि टेबलातल्या त्या डीयूपी ओळीवरून यातलं काय झालंय हे समजायला मार्गच नव्हता.

यावरून थोडं विषयांतर, कारण हे दोन प्रकार वारंवार समोर येतात. एखाद्या जीनमध्ये ओळीने तीन-चार डिलीशन दिसली आणि प्रत्येकाच्या कडा बरोबर एक्झॉनच्या कडांवर, म्हणजे नेमके इन्ट्रॉनच गायब, आणि डेप्थ मात्र कुठेच कमी नाही, तर ते डिलीशन नव्हेच. त्या जीनच्या आरएनएची उलटी नक्कल होऊन जीनोममध्ये दुसरीकडे कुठेतरी घुसलेली असते, प्रोसेस्ड स्यूडोजीन. एसमॅड४ या जीनचं असं उदाहरण कॅन्सर पॅनेल करणाऱ्यांना माहीत असतं, काही लोकांमध्ये ते असतं आणि त्याने मूळ जीनला काही होत नाही. दुसरा प्रकार, एक डीईएल ओळ आणि एक डीयूपी ओळ, दोन्हींचं एक टोक जवळपास एकाच जागी, आणि डीईएलच्या भागात डेप्थ तशीच. तिथे बहुतेक वेळा एखाद्या तुकड्याची प्रत थोड्या अंतरावर जाऊन बसलेली असते. त्यामुळे डेप्थ न उतरलेलं मोठं डिलीशन मी कधीच डिलीशन म्हणून पुढे पाठवत नाही, कितीही चांगला क्वालिटी स्कोअर असू दे.

परत केसवर. कागदावर जुळलं म्हणून रिपोर्ट देता येत नाही, दुसऱ्या पद्धतीने सिद्ध करावं लागतं. दोन्ही जंक्शनवर पीसीआर, म्हणजे ठरावीक तुकड्याच्या भरपूर प्रती काढणारी टेस्ट, लावायचं ठरलं. इथे प्रायमर, म्हणजे प्रत जिथून सुरू होते ते छोटे तुकडे, काढताना नेहमीची सवय उपयोगाची नाही, कारण प्लस-प्लस जंक्शनला संदर्भ जीनोमवर दोन्ही प्रायमर एकाच दिशेचे लागतात, दोन्ही फॉरवर्ड, एक १,१८,००० च्या अलीकडे आणि दुसरा ४,३५,००० च्या अलीकडे. मायनस-मायनसला दोन्ही रिव्हर्स. नॉर्मल माणसात यातून काहीच वाढत नाही, आणि हाच टेस्टचा मोठा फायदा, बँड आला की जंक्शन आहे. प्रायमर मागवताना ऑर्डर घेणाऱ्याचा फोन आला, "मॅडम, दोन्ही सीक्वेन्स फॉरवर्डच टाकलेत, बरोबर आहे ना?" त्याला हो म्हणाले, अगदी बरोबर आहे.

मुलीच्या सॅम्पलमध्ये दोन्ही बँड स्वच्छ आले. आईवडिलांमध्ये आणि दोन कंट्रोलमध्ये काही नाही. सॅम्पल खरंच त्याच आईवडिलांचे आहेत याची तपासणी आधी झालेली होती, त्यामुळे बदल मुलीत नव्यानेच झालाय हे नक्की झालं. यातून आणखी एका शंकेचं उत्तर मिळालं. दोन जंक्शन एकमेकांपासून तीन लाख बेस लांब, दोन्ही एकाच क्रोमोसोमवर आहेत हे छोट्या रीड्सना थेट दाखवता येत नाही. पण दोन्ही नव्याने झालेली, दोन्हींच्या कडा डेप्थशी जुळणाऱ्या, आणि दोन्ही मिळून क्रोमोसोम पूर्ण होतो, म्हणजे एकाच घटनेतून आलेली मानायला सबळ आधार आहे. सँगर सीक्वेन्समध्ये (एकेक छोटा तुकडा वाचायची जुनी पद्धत) एका जंक्शनवर तीन बेसची मायक्रोहोमॉलॉजी निघाली, म्हणजे दोन्ही बाजूंना तीच तीन अक्षरं, आणि दुसऱ्यावर काही जास्तीची अक्षरं घुसलेली. डीएनएची नक्कल होताना यंत्रणा अडकते, दुसऱ्या जागी उडी मारते, तिथून थोडं वाचते, परत उडी मारते, अशा प्रकारचा मागमूस. २००७ मध्ये पीएलपी१ जीनभोवतीच्या गुंतागुंतीच्या डुप्लिकेशनवरून ही कल्पना मांडली गेली आणि तिला फॉस्टेस म्हणतात. एमईसीपी२ या जीनभोवतीही, २०११ मध्ये, असं दाखवलं गेलं की मधला भाग तिप्पट आणि उलटा, दोन्हीकडचे भाग दुप्पट अशी रचना उलट्या दिशेच्या रिपीट्समुळे, म्हणजे पुन्हा येणाऱ्या सारख्या तुकड्यांमुळे, होते.

आणि असे प्रकार फार विरळ असतात असंही समजू नये. ऑटिझम आणि वाढीच्या इतर अडचणी असलेल्या ६८९ जणांवरचं २०१७ चं एक काम आहे, त्यात मोठ्या कॉम्प्लेक्स एसव्हींपैकी ८० टक्क्यांहून जास्तींमध्ये इन्व्हर्जनचा सहभाग निघाला. म्हणून इन्व्हर्जनची ओळ दिसली की शेजारी डेप्थ हललीय का हे बघणं मी सक्तीचं मानते. आयजीव्हीत त्याला काही मिनिटं लागतात.

रिपोर्ट लिहिणं मात्र वाटलं तेवढं सोपं नव्हतं. २०२० ची जी एसीएमजी-क्लिनजेनची गुण देण्याची पद्धत आहे, ०.९९ आणि वर म्हणजे पॅथोजेनिक (आजार करणारा) वगैरे, ती कॉपी कमी किंवा जास्त झाल्यावर लावायला केलेली आहे. आमच्या ओळीला ती तशीच लावली असती तर जीनमधलं डुप्लिकेशन म्हणून बाकीची रचना वाऱ्यावर गेली असती. आम्ही आमच्या डायरेक्टर सरांबरोबर बसून गुणांच्या तक्त्याशेजारी सरळ वर्णन लिहिलं: रचना काय, कोणत्या पुराव्यावरून, जीन कुठे तुटतो, नव्याने झालंय, आणि म्हणून पॅथोजेनिक. अ ब क ड इची एक आकृती जोडली. माझं ठाम मत आहे की कॉम्प्लेक्स एसव्हीच्या रिपोर्टला आकृती असायलाच हवी. आयएससीएनचं, म्हणजे क्रोमोसोमचे बदल लिहायच्या प्रमाणित पद्धतीचं, सूत्र बरोबर असतं पण ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांना त्यातून काही दिसत नाही.

काउन्सेलिंगला मी सहसा नसते, त्या दिवशी आकृती समजावायला बोलावलं होतं. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, हे आमच्या दोघांपैकी कोणाकडून आलं?" काउन्सेलरनी शांतपणे सांगितलं की कोणाकडूनच नाही, नव्याने झालंय, तुम्ही काही केल्याने किंवा न केल्याने झालेलं नाही. पुढच्या बाळाला धोका फार कमी, पण अगदी शून्य नाही, कारण क्वचित रक्तात न दिसणारा बदल बीजपेशींमध्ये असू शकतो, आणि पुढे कधी गरज पडली तर याच दोन पीसीआरने तपासता येईल. आई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या, त्यांनी आकृतीचा कागद मागून घेतला आणि फायलीत सगळ्यात वर लावला.

त्यानंतर आम्ही पाइपलाइनमध्ये एक छोटी पायरी घातली. एकाच क्रोमोसोमवरची प्लस-प्लस आणि मायनस-मायनस जंक्शनं, ज्यांची दोन्ही टोकं एकमेकांजवळ आहेत, ती एका गटात येतात, वर लिहिलेला नियम लागतो, आणि डेप्थच्या टूलच्या ओळी त्यांच्याशी कडा जुळवून बघितल्या जातात. गट झाला की वेगवेगळी वर्गवारी थांबते आणि माणसाने बघावं अशी खूण येते. खूण बऱ्याचदा रिपीट्समधल्या खोट्या जंक्शनमुळेही येते, त्याला इलाज नाही, एकसारख्या अॅल्यूंचे तुकडे जीनोमभर पसरलेले आहेत, दहा लाखांहून जास्त. तरी बघण्याचा वेळ सार्थकी लागतो.

सध्या तसाच एक गट माझ्यासमोर आहे, पण अर्धा. प्लस-प्लस जंक्शन भक्कम, दोन्ही बाजूंनी स्प्लिट रीड्स, डेप्थमध्ये एकीकडे उतार, आणि मायनस-मायनस कुठेच सापडत नाही. जिथे ते असायला हवं तिथे मोठं सेगमेंटल डुप्लिकेशन (जवळजवळ तसाच लांब तुकडा जीनोममध्ये आणखीही कुठेतरी) आहे, तिथल्या रीड्सची मॅपिंग क्वालिटी शून्य, म्हणजे रीड नक्की कुठली ते ठरत नाही, त्यामुळे कुठलंही टूल तिथे काही बोलणारच नाही. हीमोफिलिया ए मधलं इन्ट्रॉन २२ चं इन्व्हर्जन छोट्या रीड्सना दिसत नाही ते याच कारणाने, गंभीर पेशंटपैकी जवळपास ४५ टक्क्यांत असूनही. कागदाच्या पट्ट्यांनी दोन रचना जुळतात आणि दोन्हींत जीनचं वेगळं होतं, म्हणून मी अंदाज रिपोर्टमध्ये घातलेला नाही, एक जंक्शन सिद्ध, दुसरं अपेक्षित पण या पद्धतीने न दिसणारं, असं स्पष्ट लिहिलंय आणि लाँग रीडसाठी (खूप लांब तुकडे एका दमात वाचणारी पद्धत) नवीन डीएनए काढायला ब्लड सॅम्पल परत मागवलंय, कारण जुन्या डीएनएचे तुकडे त्यासाठी फार छोटे पडतात.